सोमवारची गोळी

"झोप कशी लागते तुम्हाला?" डॉक्टर ऋतुजांनी विचारलं.

"चांगली लागती की," सुंदरम्मा म्हणाल्या. "एकदा पडला की सकाळपत्तुर कूस बदलत न्हाय."

"आजी, मी त्यांना विचारतेय."

"विचारा की. त्यो बी हेच सांगनार."

शिवयोगीने मान डोलावली. तो खरंच हेच सांगणार होता. चाळिशीला टेकलेला, पोट किंचित सुटलेला हा माणूस खुर्चीच्या कडेवर असा बसला होता की कुणी उठ म्हणालं तर उठायला वेळ लागू नये. शेजारी त्याची आई सुंदरम्मा, मागे बायको महेश्वरी. मायाप्पा मामांना खुर्ची उरली नव्हती, म्हणून ते पेशंटला तपासायच्या टेबलावर चपला काढून मांडी घालून बसले होते.

"कधी खूप उदास वाटतं? काही करावंसं वाटत नाही, असं?"

"उदास कशाला वाटंल?" सुंदरम्मा म्हणाल्या. "मी हाय की घरात."

"चिडचिड होते?"

"त्याला चिडायला येतच न्हाय," टेबलावरून मामा म्हणाले. "लहानपनापासून बगायलोय मी."

डॉक्टरांनी मग फिट, छातीची धडधड, काविळीचा इतिहास, सध्या चालू असलेली औषधं असं सगळं खोदून खोदून विचारलं. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं शिवयोगीच्या तोंडापर्यंत येईतो दुसऱ्या कुणीतरी देऊन टाकली होती. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि फक्त त्याच्याकडे पाहून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय?"

शिवयोगीने जरा विचार केला. "न्हाय मॅडम. हेनी सांगितलं तेच."

शिवयोगी बिराजदार साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस आटत आला की त्यात साखरेचा दाणा नेमका कधी धरायचा आणि किती वाढवायचा, हे पॅनमनच्या हातात असतं. रस दोन बोटांत धरून, जिभेला लावून शिवयोगी ते ओळखायचा. हंगाम संपला की तो सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या आपल्या घरी यायचा. या उन्हाळ्यात मात्र युगांडातल्या एका साखर कारखान्याने त्याला बोलावलं होतं. दोन वर्षांचं काम, राहायला क्वार्टर आणि हाताखाली चार माणसं. अट एकच होती. तिकडे मलेरिया फार, म्हणून तो होऊ नये यासाठीचं औषध इथूनच सुरू करून यायचं. ते सोसतंय असं डॉक्टरांचं पत्र आणलं की मग विमानाचं तिकीट.

शिवयोगीला नाही म्हणता येत नसे. हा दोष आहे असं कुणीच म्हणत नसे, कारण त्यामुळे सगळ्यांची कामं होत. मामांना मोटरसायकलवर बसवून अक्कलकोटला न्यायचं ते शिवयोगीने. गल्लीतल्या लग्नात पंगतीला पाणी वाढायचं ते शिवयोगीने. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की शेजारच्या बिभीषणची टाकी आधी भरायची आणि उरलेल्या धारेखाली शिवयोगीने घागर धरायची. युगांडाच्या साहेबाने फोनवर येणार का विचारलं, तेव्हाही तो होय म्हणाला. आयुष्यातलं हे एक होय त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं, पण इतक्या होयांच्या गर्दीत ते कुणाला वेगळं ओळखू आलं नाही.

सुंदरम्मांनाही नाही. पोराला त्या साहेबाला नाही म्हणता आलं नाही म्हणूनच तो चाललाय, अशी त्यांची खात्री होती. ज्याला गल्लीत नाही म्हणता येत नाही तो परमुलखात कसा निभावणार, या काळजीने त्यांचा जीव खालीवर होत होता. ही काळजी त्या बोलून दाखवत नसत. त्याऐवजी त्या तिकडच्या डासांना, सापांना, भाकरी न मिळण्याला आणि विमानाला नावं ठेवत. महेश्वरीला मात्र नवऱ्याने जावं असं वाटत होतं. दोन वर्षांनी घरात काय काय होईल याची स्वप्नं ती आत्तापासूनच पाहत होती.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "तुमचा ईसीजी, रक्त, सगळं ठीक आहे. आठवड्याला एक गोळी. जेवण झाल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर. निघायला तीन-साडेतीन आठवडे आहेत, म्हणून आत्ताच सुरू करू. सोसली नाही तर इथेच कळेल."

"सोसली न्हाय म्हंजे कसं हो?" सुंदरम्मांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एकाएकी गोडवा आला होता.

"कुणाला चक्कर येते, मळमळतं. कुणाला अगदी खरी वाटावीत अशी स्वप्नं पडतात. कुणाचा स्वभावच बदलतो. चिडचिड, भीती, बेचैनी. म्हणून तर एवढं विचारलं. असं काही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, सरळ माझ्याकडे यायचं. आणि ज्याला लिहून दिली त्यानेच घ्यायची. घरात वाटायची नाही."

"वाटायला काय पेढं हायत व्हय," सुंदरम्मा म्हणाल्या. "पर सोभाव बदलला तर तुमी पत्र देनार न्हाय?"

"आधी गोळी बदलून बघावी लागेल, मग पत्र."

सुंदरम्मांनी यातलं आपल्याला हवं तेवढं ऐकलं. वार कुठला ते ठरवा आणि तोच पाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "सोमवार."

सोमवार त्यांच्या घरात शंकराचा. त्या दिवशी देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नसे, आणि हा नियम सुंदरम्मांनी औषधांनाही लावला होता. त्यांचीही आठवड्याची एक गोळी होती, हाडांसाठी, चघळून खायची. तीही त्या सोमवारीच घेत. दुपारी पूजा आटोपली की पितळी ताटात बेलाचं पान, पानावर गोळी, वर विभूतीची चिमूट.

पहिल्या सोमवारी महेश्वरी भीत भीत म्हणाली, "अव्वा, गोळ्या पाकिटातच ठेवल्या तर?"

"पाकिटात बांधून देवाला कोन देतं?" सुंदरम्मा म्हणाल्या. "पेढा बी आपन बाक्सातनं काडून ठिवतो की."

तर ताटात दोन पानं मांडली गेली. डावीकडे शिवयोगीची गोळी, उजवीकडे सुंदरम्मांची. दोन्ही गोल आणि पांढऱ्या. सुंदरम्मांनी ताट उचललं, देवापुढून गरागरा ओवाळलं, कपाळाला लावलं आणि खाली ठेवलं. मग पोराच्या हातावर त्याची गोळी ठेवली आणि आपली तोंडात टाकली.

तोंड वाकडं झालं. पण देवापुढचं थुंकायचं कसं, म्हणून त्यांनी ती कशीबशी गिळली आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. "मेडिकलवाला लई माजलाय," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला कुटल्या कंपनीची दिली कुणास ठाऊक." मग त्या पोराचा स्वभाव बदलायची वाट पाहत त्याच्यासमोर बसल्या.

त्या दिवशी काहीच झालं नाही. बुधवारी मामांचा फोन आला.

"शिवा, गाडी काढ. अक्कलकोटला जाऊन यायचंय."

शिवयोगी बॅगेत काय न्यायचं ते मांडून बसला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याला मनापासून वाटलं की जाऊ नये, आणि त्याचं त्यालाच कळायच्या आत तो म्हणाला, "आज न्हाय जमनार मामा. मला काम हाय."

महेश्वरी हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. सुंदरम्मा देवघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. फोनच्या पलीकडून मामा म्हणाले, "अक्काला दे फोन."

अर्ध्या तासात मामा सिटी बसने घामाघूम होऊन दारात हजर झाले. अक्कलकोट राहिलं बाजूला. त्यांनी शिवयोगीला खिडकीपाशी नेलं. "येनप्पा, काय झालं तुला? डोळं बगू. जीभ काड."

"मामा, मला काय झालं न्हाय."

"बग अक्का, उलटं बोलायलाय."

"गोळी चडली," सुंदरम्मा म्हणाल्या. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट दुमडलं. डॉक्टरला सांगायची पहिली खूण पक्की झाली होती.

गंमत अशी, की शिवयोगीलाही ते पटलं. आपण मामांना नाही म्हणालो, ते आपल्या हातून होण्यासारखं नव्हतंच. तेव्हा हे गोळीचंच काम. त्या विचाराने त्याला घाबरायला हवं होतं, पण त्याला फार हलकं वाटलं. आता काहीही बोललं तरी आपल्याला कुणी नावं ठेवणार नाही, गोळीला ठेवतील. त्या रात्री जेवताना त्याने ताटाकडे पाहिलं आणि शांतपणे सांगून टाकलं की त्याला दोडका आवडत नाही.

"कधीपासनं?" महेश्वरीने विचारलं.

"पैल्यापासनं."

"आन् लग्न झाल्यापासनं खाताय त्ये?"

"तू वाडलास म्हनून."

महेश्वरीला रडावं की हसावं ते कळेना. सुंदरम्मांनी दुसरं बोट दुमडलं.

शुक्रवारी नळाला पाणी आलं. बिभीषण नेहमीप्रमाणे आपली नळी घेऊन आला, तेव्हा शिवयोगी नळापाशी उभा होता. "बिभीषण, आज आदी आमची टाकी," तो म्हणाला. बिभीषण नळी गुंडाळून घरी गेला आणि संध्याकाळी शहाळं घेऊन भेटायला आला. पलंगाच्या कडेला बसून त्याने हलक्या आवाजात विचारलं, "आता बरं वाटायलंय का बे?" टाकी आधी कुणाची भरली याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. आजारी माणसाचं कोण मनावर घेतं.

मग बातमी गल्लीभर झाली. शिवयोगीला आफ्रिकेची गोळी लागली, तो आता तोंडावर बोलतो. लोक बघायला येऊ लागले. त्या संध्याकाळी नुसते बघून गेले. शनिवारी सकाळी समोरच्या घरातली बाई घुटमळत म्हणाली, "भाऊ, त्यो मंडपवाला आमच्या दाराम्होरंच स्पीकर लावतोय. आमी बोललो तर भांडन हुतंय. तुमी गोळीवर हायसा तोवर जरा बोलता का?"

शिवयोगी गेला. मंडपवाल्यालाही गोळीची बातमी लागलेली होती. त्याने वाद न घालता स्पीकर मैदानाच्या टोकाला हलवला आणि शिवयोगीला सावलीत खुर्ची दिली. रविवारी कचऱ्याच्या गाडीवाल्याशी बोलायला बोलावणं आलं, मग गल्लीच्या तोंडाशी आडवी रिक्षा लावणाऱ्याशी. शिवयोगी कुठेही आवाज चढवत नसे. जे बरोबर होतं ते सांगायचा आणि उभा राहायचा. समोरचा त्याच्या डोळ्यांत बघायचा, मनात काहीतरी ताडायचा आणि गाडी काढून घ्यायचा.

या सगळ्या गडबडीत सुंदरम्मांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी दूधवाल्याशी भांडायचं सोडलं होतं. सकाळचा चहा हातात धरून त्या भिंतीकडे बघत बसत आणि चहा निवून जाई. एकदा उठताना त्यांचा जरा तोल गेला, तेव्हा महेश्वरीने विचारलं, "अव्वा, बरं वाटंना का?" त्या म्हणाल्या, "मला काय हुतंय? त्याच्याकडं बग."

दुसरा सोमवार आला. पुन्हा पानं, पुन्हा विभूती, पुन्हा ताट ओवाळलं गेलं. सुंदरम्मांच्या दोन्ही हातांची बोटं एव्हाना दुमडत आली होती, त्यामुळे खरं तर ही गोळी त्यांनी पोराला द्यायलाच नको होती. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. पण पोराला काही झालं तर, ही भीती आणि पोरगा गेला तर, ही भीती, या दोन्हींत त्यांचा गोंधळ उडाला होता. त्यातून देवापुढे ठेवलेली गोळी परत पाकिटात घालायची रीत त्यांना माहीत नव्हती.

त्या रात्री महेश्वरी बॅगेला कुलूप घेऊन आली, तेव्हा सुंदरम्मा शिवयोगीला म्हणाल्या, "त्यो फोन लाव त्या साहेबाला. येत न्हाय म्हन."

"अव्वा, मला जायचंय."

"तुला न्हाय जायचं. तुला न्हाय म्हनता आलं न्हाय, म्हनून तू चाललास. मला ठावं न्हाय व्हय तू कसा हायस त्ये? तुज्या वतीनं मी बोलते. दे फोन."

"अव्वा," शिवयोगी म्हणाला, "तू जरा गप बैस."

हे वाक्य त्या घरात याआधी कुणीही उच्चारलेलं नव्हतं. सुंदरम्मांचे यजमान गेले तेही ते न उच्चारताच गेले. सुंदरम्मा खरंच गप्प बसल्या. मग उठून देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. गोळीने आपल्याकडून हे काय बोलून घेतलं, असं वाटून शिवयोगीला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जण पुन्हा डॉक्टरांपुढे बसले. मामा आपल्या टेबलावर चढले. सुंदरम्मांनी एकेक बोट उघडत साक्ष दिली. अक्कलकोट, दोडका, टाकी, मंडपवाला, रिक्षावाला. शेवटचं बोट मात्र त्यांनी उघडलं नाही.

डॉक्टर गंभीर झाल्या. "एवढा फरक पहिल्याच आठवड्यात पडला, तर मग दुसरी गोळी का दिलीत? मी काय सांगितलं होतं?"

मामा टेबलावरून पंख्याकडे बघू लागले.

"झोप? स्वप्नं?"

"सपनं न्हाईत मॅडम," शिवयोगी म्हणाला. "झोप एकदम चांगली. कालची सोडून."

"चक्कर, मळमळ?"

"न्हाय."

"हात थरथरतात? विनाकारण भीती?"

"न्हाय. उलट बरं वाटायलंय."

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं. "गोळी सरळ गिळता ना? चघळू नका, भयंकर कडू असते ती."

"कडू?" शिवयोगी म्हणाला. "गोड हाय की मॅडम. संत्र्यासारकी. मी तोंडात आलेलं काय बी आदी जिबंवर फिरवतो, धंद्याची सवय हाय. मला वाटलं, परदेशात जानाऱ्या लोकांची गोळी, गोडच असनार."

"कडू तर माजी हाय," सुंदरम्मा म्हणाल्या.

डॉक्टरांनी खुर्ची सुंदरम्मांकडे वळवली. "आजी, तुमची कुठली गोळी?"

"हाडाची. सोमवारची."

"आणि तुम्ही दोघांच्या गोळ्या ठेवता कशा?"

सुंदरम्मांनी टेबलावरचा स्टीलचा ट्रे पुढे ओढला. त्यात डाव्या बाजूला कापसाचा एक बोळा ठेवला, उजव्या बाजूला एक. "ही त्याची, ही माजी. देवापुडं ठिवायचं. मग असं ओवाळायचं." त्यांनी ट्रे उचलून पूर्ण भक्तिभावाने फिरवला, देवाकडची कड आपल्याकडे वळवून कपाळाला लावला आणि खाली ठेवला. "मग डावीकडची त्याला द्यायची, उजवीकडची आपन..."

त्या थांबल्या. ट्रेचं मघाचं डावं टोक आता उजवीकडे आलेलं त्यांना दिसलं. महेश्वरीने तोंडाला पदर लावला.

"दोन्ही सोमवार?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताट ओवाळायला नको व्हय?" सुंदरम्मा बारीक आवाजात म्हणाल्या.

पुढचा काही वेळ कुणाला हसू आलं नाही. डॉक्टरांनी मामांना टेबलावरून उतरवलं आणि सुंदरम्मांना झोपवलं. रक्तदाब घेतला, नाडी बघितली, ईसीजी काढला. बीपीची कुठली गोळी चालू आहे, छातीत कधी धडधडतं का, फिट कधी आली होती का, असे सगळे प्रश्न विचारले. ज्याला गोळी लिहून दिली त्याची कसून चौकशी झाली होती, पण जिने ती खाल्ली तिला कुणी काहीच विचारलं नव्हतं. शिवयोगी आईच्या पायाशी उभा होता. युगांडा, पत्र, तिकीट, सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं. या बाईला आपल्यापायी काही झालं तर आपण कुठेही जाणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

ईसीजीची पट्टी डॉक्टरांनी सावकाश वाचली. "ठीक आहे," त्या अखेर म्हणाल्या. "हृदय चांगलं आहे. बीपीची गोळीही हिच्याशी भांडणारी नाही. पण हे नशीब म्हणायचं आजी, शहाणपण नाही. दुसऱ्या कुणाच्या हृदयाला हे झेपलं नसतं. औषध अंगातून उतरायला काही आठवडे लागतील. चक्कर आली, धडधडलं, तर मला लगेच फोन. आता सांगा, स्वप्नं पडतात?"

सुंदरम्मांनी पदर नीट केला आणि छताकडे पाहिलं. त्या लाजल्यासारख्या दिसत होत्या.

"पडत्यात की," त्या म्हणाल्या. "लई झ्याक पडत्यात. म्या कुनाला सांगितलं न्हाय. देवाचं वाटलं मला. लांबलचक कारखाना दिसतोय, हिरवागार ऊस. एक हत्ती हाय, त्यो मोळी उचलून गव्हानीत टाकतोय. आन् शिवाचा बाप तितं कट्ट्यावर बसून च्या पितोय. रोज त्योच, रोज तितंच. म्या म्हनलं, तुमी हितं कसं? तर म्हनले, पोरगं येनार हाय नव्हं, जागा बगून ठिवायलोय."

शिवयोगीने आईचं पाऊल हातात धरलं. मामांनी नाक ओढलं.

"ते गोळीमुळे, आजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"असंल की. पर मानूस तर माजाच हुता." सुंदरम्मा उठून बसल्या आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "थांबा मॅडम. गोळी मी खाल्ली. मग ह्यानं काय खाल्लं?"

"तुमची. व्हिटॅमिनची."

"त्यानं मान्साचा सोभाव बदलतोय?"

"नाही."

"म्हंजे मायाप्पाला न्हाय म्हनला, त्यो बिभीषण, मंडपवाला... हे सगळं..."

"ते त्यांचं त्यांनीच केलं," डॉक्टर म्हणाल्या.

इतके दिवस ज्या भिंतीला टेकून शिवयोगी बोलत होता, ती भिंत तिथे नव्हतीच. टाकी, स्पीकर, दोडका, सगळं त्याला एकदम आठवलं. सगळ्यात शेवटी कालचं आठवलं.

"अव्वा," तो घाईने म्हणाला, "काल मी तुला म्हनलो त्ये... चुकलं माजं. मी..."

"गप," सुंदरम्मा म्हणाल्या. त्यांनी ते शेवटचं दुमडलेलं बोट उघडलं. "आता माघारी घिऊ नगंस. मला एक सांग. त्या साहेबाला व्हय म्हनलास, त्ये न्हाय म्हनता आलं न्हाय म्हनून, का तुला जायचं हाय म्हनून?"

"जायचं हाय म्हनून, अव्वा."

"मग आदी का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं की. तुमाला ऐकू आलं न्हाय."

सुंदरम्मा त्याच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला तितं कोन बी राबवून घील, आन् तू व्हय व्हय म्हनत बसशील. आता जा तू. आईला गप बैस म्हनलास, तुला कुटं बी काय हुनार न्हाय."

महेश्वरी आता उघडपणे रडत होती आणि हसतही होती. डॉक्टरांनी हा प्रकार थोडा वेळ चालू दिला आणि मग नवीन चिठ्ठी लिहायला घेतली. आठवड्याची गोळी पारखायला आता पुरेसा वेळ उरला नव्हता. त्याऐवजी रोजची कॅप्सूल. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू केली तरी चालते, पण पत्रासाठी उद्यापासूनच घ्यायची, तिकडे असेतो एकही दिवस चुकवायची नाही, सुट्टीवर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दुधाबरोबर घ्यायची नाही. "आणि हिने कातडी उन्हाला नाजूक होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा कडक ऊन टाळायचं." सोलापूरच्या माणसाने ऊन टाळायचं कुठे, हा प्रश्नच होता, पण शिवयोगीने टोपी घेईन असं कबूल केलं. "पहिल्या कॅप्सूलनंतर येऊन भेटा, मग पत्र घेऊन जा. आणि आजी, देवापुढे काय ठेवायचं ते पाकिटासकट. देव पाकीट उघडायला सांगत नाही."

"आन् ती उरलेली कडू गोळी?" सुंदरम्मांनी विचारलं. "एकच हाय मॅडम. सपनात त्यांनी च्या अर्धाच पिला हुता."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती मला परत आणून द्यायची."

सुंदरम्मांनी मान डोलावली. आजचा दिवस लोकांचं 'नाही' ऐकून घ्यायचा होता.

सगळे उठले. मामा चपला शोधत होते. एक चप्पल पायात घालत ते सहज म्हणाले, "शिवा, तू तर चाललास दोन वर्सं. मग ती मोटरसायकल हितं पडून गंजनार. माज्याकडं नेऊन लावतो."

"न्हाय मामा," शिवयोगी म्हणाला. "महेश्वरी गाडी शिकायली हाय. तिला लागनार हाय ती."

महेश्वरीला ही बातमी नवीनच होती, पण तिने लगेच होकारार्थी मान हलवली.

मामा एक चप्पल हातात धरून थांबले. त्यांनी भाच्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग डॉक्टरांकडे वळून चिंतेने विचारलं, "मॅडम, ही हाडाची गोळी अंगात किती दिस ऱ्हाती?"

डॉक्टर उत्तर देणार, तेवढ्यात दारातून सुंदरम्माच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की."